जोयड्यात जेवावे कुठे?

जोयडा तालुक्यात शहर म्हणावे असे गाव आजही नाही. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा डोंगराळ, रानाने भरलेला कोपरा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जेमतेम बावन्न हजार भरली. काळी नदी इथल्याच डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. पश्चिमेला गोवा, उत्तरेला खानापूर-लोंढा, पूर्वेला हल्याळ आणि दांडेली. वाड्या इतक्या विखुरलेल्या की एका घरचा कोंबडा दुसऱ्या घरी ऐकू जात नाही. अशा मुलखात पैसे देऊन जेवायची जागा कशी निघते, कोणासाठी निघते आणि कधी बंद पडते, हे मी लहानपणापासून बघत आले. माझ्या आईची जुन्या सुप्यात खाणावळ होती. धरणाच्या पाण्यात गाव गेले आणि ती खाणावळ रामनगरला आली. आईनंतर ती मी चालवली. आता सून चालवते, म्हणून मला लिहायला सवड आहे.

इतकी वर्षे चुलीपुढे काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली. जोयड्यात खाणावळ नेहमी परक्या माणसासाठी निघाली. आगगाडीचा प्रवासी, कचेरीतला कारकून, धरणावरचा मजूर, ट्रकवाला आणि आता पर्यटक. प्रत्येक लाटेबरोबर इथल्या ताटात नवे पदार्थ आले. पण ज्याने या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकवले, त्या कुणब्याचा कंद मात्र त्या ताटात आला नाही. आज तो पहिल्यांदा येऊ लागला आहे. म्हणून हा इतिहास आत्ताच सांगायला हवा.

खाणावळ निघण्याआधी इथे माणसे उपाशी राहत होती असे नाही. दारात आलेल्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा द्यायचा, मग कुठून आलात ते विचारायचे, ही इथली रीत. गुंद गावाकडच्या हव्यक ब्राह्मणांच्या घरी गेलात तर सुपारीच्या बागेतून आत शिरताच कषाय समोर येते. धणे, जिरे, मिरी भाजून कुटलेली पूड, गूळ आणि दूध घालून उकळलेली. गवळी धनगरांच्या वाड्यावर ताक मिळते, म्हशीच्या दुधाचे. कुणब्याच्या घरी पेज मिळते, मीठ घातलेली, सोबत सुक्या मासळीचा तुकडा किंवा लोणच्याची फोड. यातल्या कशाचेही पैसे कोणी घेत नसे. मात्र हे आतिथ्य ओळखीवर आणि जातीवर चालत होते, हेही सांगितले पाहिजे. कोणाला ओसरीपर्यंत, कोणाला माजघरापर्यंत आणि कोणाला अंगणातच, हे ठरलेले होते. ज्याची ओळख नाही, जात माहीत नाही आणि ज्याला घाई आहे, असा माणूस या व्यवस्थेत कुठे बसत नव्हता. तसा माणूस मोठ्या संख्येने येऊ लागला तेव्हाच खाणावळीची गरज पडली.

परक्यांची सर्वांत जुनी वर्दळ उळवीची. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा बाराव्या शतकात कल्याणातल्या उत्पातानंतर शरणांना घेऊन या रानात आले आणि उळवीला समाधिस्थ झाले, अशी लिंगायतांची श्रद्धा आहे. माघात तिथे जत्रा भरते. धारवाड-बेळगावच्या काळ्या मातीतून बैलगाड्यांच्या रांगा निघतात आणि घाटातली वाट तुडवत उळवीला पोचतात. या लोकांनी इथे कधी जेवण विकत घेतले नाही. त्यांच्या गाडीत जोंधळ्याच्या कडक भाकऱ्यांची चवड असते, शेंगांची चटणी असते, गूळ असतो. कडक भाकरी कितीही दिवस टिकते, पाण्याचा हबका मारला की मऊ होते. मुक्कामाला पोचल्यावर मठाचा दासोह. तिथे कोणीही पंगतीला बसावे, पैसे विचारायचे नाहीत. माझी आजी सांगायची की वाटेवरच्या वाड्यांतले लोक जत्रेकऱ्यांना लाकूडफाटा आणि बैलांना गवत पुरवत, आणि बदल्यात त्यांना शेंगा आणि जोंधळे मिळत. आमच्या भाताच्या मुलखात जोंधळ्याची भाकरी आली ती या वाटेने. व्यापार होता, पण शिजवलेल्या अन्नाचा नव्हता.

शिजवलेले अन्न विकायला सुरुवात झाली ती आगगाडीमुळे, आणि त्याचे ठिकाण कॅसलरॉक.

कॅसलरॉक जोयडा तालुक्यातच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे आला, दारूवरची अबकारी इंग्रजी पद्धतीने लावायचे ठरले, दोन्ही मुलखांमधली जकात उठली, आणि मोबदल्यात पोर्तुगीजांना दरवर्षी चार लाख रुपये मिळू लागले. याच करारातून मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर येणारा लोहमार्ग उभा राहिला. १८८८ साली गाडी कॅसलरॉकला पोचली. खाली कुळे, वर कॅसलरॉक, मध्ये बोगदे आणि दूधसागर. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून मागून जादा इंजिने लावावी लागतात. आजही लागतात. इंजिने जोडायला आणि सोडायला वेळ लागतो, उतरणीआधी ब्रेक तपासायला वेळ लागतो. १८९२ साली तो करार संपला आणि जकात परत आली. मग सीमेवरच्या तपासणीचा वेळ त्यात मिळाला. प्रवासी गाडीत अडकून पडलेला, पोटात भूक, हातात वेळ. खाण्याच्या धंद्याला याहून चांगली जागा कोणती?

माझे आजोबा, आईचे वडील, कॅसलरॉकच्या फलाटावर चहा विकत. चहा तेव्हा नवा होता. चहाच्या निर्यातीवर कर बसवून १९०३ साली मळेवाल्यांचा निधी उभा राहिला होता, आणि पुढच्या काही दशकांत त्यातून देशभर चहाचा प्रचार झाला. त्या प्रचाराचे मोठे ठिकाण म्हणजे रेल्वे स्टेशने. हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे, हा त्या काळच्या फलाटांवरचा नेम कॅसलरॉकलाही होता. किटली मात्र आजोबांची एकच. मुंबईहून पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत आलेला गोंयकार रात्रभराच्या प्रवासाने आंबून गेलेला असे. त्याला आजोबा चहा देत, शेजारचा भजी देत असे, आणि खालून आलेला गोव्याचा पाव असे. घाटावरच्या आमच्या लोकांनी पाव पहिल्यांदा चाखला तो या फलाटावर. आजोबांच्या तोंडी गोंयकारांचा एक ठरलेला प्रश्न असे, "सायबा, घर कितलें पयस?" घर आता जवळ आले म्हणून त्यांचे चेहरे कसे उजळत, ते आजोबा फार मायेने सांगत.

पिण्याच्या गोष्टींतही कॅसलरॉकचे स्थान वेगळे. आमच्या रानात सुरमाडाची ताडी पूर्वीपासून काढत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढायला परवाना आणि कर आला, आणि रानातल्या माणसाचे सहज मिळणारे पेय सरकारी हिशेबात गेले. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ते पूर्णच बंद झाले. आमचा जिल्हा १८६२ सालापासून मुंबई इलाख्यात होता, म्हणून ही बंदी आम्हाला लागू. बोगद्यापलीकडे पोर्तुगीज मुलूख, तिथे काजूची आणि माडाची दारू उघड्यावर. एकाच घाटाच्या वरच्या टोकाला प्यायला गुन्हा, खालच्या टोकाला दुकान. साहजिकच रानवाटांनी बाटल्या वर येऊ लागल्या. त्या डोक्यावरून आणणारा बहुधा गरीब माणूस असे, आणि पकडला जाणाराही तोच. गावातल्या किती बायकांनी त्या काळात नवऱ्याच्या सुटकेसाठी मंगळसूत्र गहाण टाकले, याच्या कहाण्या आईने मला सांगितल्या आहेत. सीमेवरच्या दारूच्या गमतीजमती लोक रंगवून सांगतात. मला मात्र त्या बायका आठवतात.

१९५५ साली हे सारे थांबले. १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. एक तुकडी कॅसलरॉककडून रेल्वेमार्गाने गेली. गोळीबार झाला. भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, गाडी बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक हे शेवटचे स्टेशन होऊन राहिले. ज्या स्टेशनाचे पोट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांवर, तिथे चहावाल्याने काय करावे? आजोबांनी किटली आणि स्टोव्ह उचलला आणि ते मुलीकडे सुप्याला आले.

सुपा तेव्हा तालुक्याचे गाव. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले. मामलेदार कचेरी, कोर्ट, जंगलखात्याची माणसे, लाकडाचे कंत्राटदार. साक्षीला आलेला माणूस दोन दिवस अडकायचा, सागवान ओढणारे गाडीवान रात्री उतरायचे. आईने आजोबांच्या मदतीने घराच्या पुढच्या पडवीत खाणावळ सुरू केली. उकड्या तांदळाचा भात, तुरीची आमटी, एक भाजी, सुक्या बांगड्याची किसमूर, सोलकढी. श्रावणात मासळी बंद. केळीच्या बागा जवळ, म्हणून केळीचे पान. नारळ आणि मासळी कारवारकडून अणशी घाटाने येत असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि सुपा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या बदलाचे राजकारण इथे सांगत नाही. महाराष्ट्राने या भागावर केलेला दावा आणि महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल सर्वांना ठाऊक आहे. मला दिसला तो स्वयंपाकघरातला बदल. नवे कारकून दक्षिणेकडून आले. त्यांना आमटीऐवजी सांबार हवे, भातावर सार हवे, सकाळी इडली हवी. आईने शेजारच्या एका कारकुनाच्या बायकोकडून सांबाराची पूड करायला शिकून घेतली आणि तिला मासळीची आमटी शिकवली. माझ्या लेखी दोन राज्यांमधला तो सर्वांत चांगला करार होता.

या खाणावळीत कुणबी येत असे तो मागच्या दाराने. लाकडाची मोळी, पत्रावळीची पाने, फणस, कधी मध घेऊन. त्याला पैसे मिळत आणि मागच्या पडवीत ताटलीभर भात मिळे. त्याच्या मोळीबरोबर कधी कधी मातीने माखलेला मोठा कंद असे. आई तो घेई आणि घरच्यांपुरता शिजवी. आम्हा मुलांना तो फार आवडे. गिऱ्हाइकाच्या पानात मात्र तो कधी वाढला गेला नाही. "कंद काय वाढायचा पैसे देणाऱ्याला?" असे सगळेच म्हणत. त्यात गरिबीची लाज होती. कंद म्हणजे भात संपलेल्या घरचे अन्न, असा समज गावात रुजला होता, आणि तो समज खुद्द कुणब्यांच्याही मनात उतरला होता.

१९७४ च्या सुमारास काळीवर सुपा धरणाचे काम सुरू झाले. १०१ मीटर उंचीची भिंत, जलाशयाची क्षमता १४७ टीएमसीच्या घरात. वीज लागणार होती राज्याला, पाणी चढणार होते आमच्या अंगणात. धरणाच्या कामासाठी गणेशगुडीला वसाहत उभी राहिली आणि तेलुगू, तमिळ, कन्नड बोलणारे मजूर, गवंडी, इंजिनिअर आले. त्यांच्यासाठी कँटीन निघाली, टपऱ्या निघाल्या. आमच्या तालुक्यात इडली-वडा सर्रास मिळू लागला तो तिथून. आम्ही मुली बसने गणेशगुडीला जाऊन डोसा खात असू. घरातल्या तांदळाचा आणि उडदाचा एवढा मोठा, कुरकुरीत पदार्थ होतो याचे आम्हाला नवल वाटे. डोसा खाता खाता समोर वाढत जाणारी भिंत दिसे. ती आमचे घर बुडवणार आहे हे आम्हाला माहीत होते, आणि तरी त्या कँटीनवर आमचा राग नव्हता, कारण तिथली माणसेही पोटासाठीच लांबून आली होती.

१९८० च्या दशकात पाणी चढले. सुपा गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, आणि आमच्यासारख्या अनेक कुटुंबांना रामनगरला जागा मिळाली. आईने चुलीचे तीन दगड पोत्यात घालून आणले होते. नव्या घरी आधी ते मांडले, मग देव.

रामनगरला आमचे नशीब रस्त्याने काढले. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्याला जाणारा महामार्ग गावातून जातो. गोव्याचा भाजीपाला आणि दूध मोठ्या प्रमाणात बेळगावकडून जाते, तेव्हा रात्री-पहाटे ट्रकांची रांग. सुप्याच्या खाणावळीत वेळ ठरलेली होती. इथे चूल विझवायची कधी हाच प्रश्न. ट्रकवाल्याला भाकरी हवी, झणझणीत रस्सा हवा, पटकन हवे. परतीच्या गाडीतून गोव्याची ताजी मासळी येऊ लागली आणि सुक्या बांगड्याच्या जागी ताज्या बांगड्याची आमटी आली. जोंधळ्याची भाकरी आणि माशाची आमटी एका ताटात, हे रामनगरचे ताट. घाटावरचा म्हणतो हे कोकणी, कोकणातला म्हणतो हे घाटी. आम्ही म्हणतो, हे आमचे.

आता त्या कंदाकडे येते.

जोयड्याच्या कुणब्यांच्या परसात जे उगवते त्याची नावे तरी एकदा सलग वाचावीत. मुडली, कोने, काटेकणग, झाडकणग, करांदे, सुरण, रताळी. मुडली ही अळूच्या जातीची. तिचा एकेक गड्डा काही किलोंचा होतो. कोने म्हणजे कोनफळ, पांढरेही असते आणि जांभळेही. काटेकणगाच्या वेलाला बुडाशी काटे, आत पिठूळ गोडसर गर. करांदे वेलीवरच लटकतात. यातले अळू आणि कोनफळ आशियातलेच, फार जुने. रताळी आणि झाडकणग, म्हणजे टॅपिओका, ही अमेरिकेतली पिके. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेली. मिरचीही त्यांच्याबरोबरच आली. गोव्याला लागून असलेल्या या रानात ही सगळी पिके रुजली आणि कुणब्यांनी ती आपली केली.

लावणी पावसाच्या तोंडावर होते. माती भुसभुशीत करून तिचे ढीग करायचे, पालापाचोळा आणि शेण घालायचे, बी म्हणून राखलेला तुकडा पुरायचा. वेलाला झाडाचा किंवा काठीचा आधार. भाताची सुगी आटोपली की हिवाळ्यात खणायला सुरुवात. कोने खोल जातात. घाईने कुदळ मारली की कंद तुटतो, म्हणून हे काम शांत हाताचे. काढलेला कंद अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो. बी राखण्याचे काम बायकांचे. कोणते कोने खाजते, कोणते लवकर शिजते, कोणते बाळंतिणीला द्यावे, हे सासू सुनेला सांगते. माहेराहून येताना मुलगी पिशवीत बियाण्याचा तुकडा घेऊन येते. या तालुक्यातले खरे कोठार या पिशव्यांतून घरोघर फिरत आले आहे.

शिजवायच्या रीती साध्या आणि नेमक्या. कोने मीठ घालून उकडतात आणि खोबऱ्याच्या फोडीबरोबर खातात. काटेकणग चुलीच्या निखाऱ्यात भाजतात. मुडलीला खाज असते, म्हणून तिच्यात आमसूल किंवा चिंच हवीच. मग सुक्या सुंगटाबरोबर, म्हणजे कोळंबीबरोबर, तिची आमटी करावी. तिची गोडी मला मासळीच्या कोणत्याही आमटीत मिळाली नाही. लाल मुंग्यांची चटणी करणारीही घरे इथे आहेत. मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटलेली, आंबट आणि जिभेला चटका देणारी. सर्दी-तापात ती मुद्दाम खातात.

कुणबी कंदांकडे इतका का वळला, याचे एक कारण मला इतिहासात दिसते. पूर्वी हे लोक डोंगरउतारावर कुमरी करत, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून त्यात नाचणी घेत आणि पुढे सरकत. इंग्रजांच्या जंगलखात्याला सागवान हवे होते. एकोणिसाव्या शतकात कुमरीवर बंधने आली आणि ती आवळत गेली. नाचणीचा उतार हातचा गेला, तेव्हा घरामागच्या परसाने माणसे जगवली असणार. नंतर अभयारण्य आले. १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प, २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रानडुकरे आणि साळिंदरे एका रात्रीत वर्षभराचा ढीग उकरून जातात तेव्हा तो लावणारी बाई एकटी असते. काही कुटुंबे पुनर्वसनाची रक्कम घेऊन बाहेर पडली आहेत. नव्या जागी परस नसते. एक घर उठले की त्या घरापाशी असलेले एखादे बियाणेही उठते. आम्ही धरणात गाव गमावलेली माणसे आहोत. काय परत मिळते आणि काय मिळत नाही हे आम्हाला माहीत आहे. घर मिळते, जमीन मिळते, परसातली माती मिळत नाही.

अलीकडच्या वर्षांत एक चांगली गोष्ट घडली आहे. हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. कन्नडमध्ये त्याला गड्डे-गेणसू मेळा म्हणतात. कुणबी बायाबापे आपापले कंद घेऊन येतात, ढीग मांडतात, आणि गोव्याहून, बेळगावहून, हुबळीहून आलेले लोक पिशव्या भरून नेतात. ज्या कंदाला मागच्या दाराने यावे लागे, तो आता पुढच्या अंगणात मांडलेला असतो आणि त्याच्यामागे बसलेली बाई भाव सांगते. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला आईची फार आठवण झाली.

याच काळात पर्यटक वाढला. गणेशगुडीपासून काळीच्या प्रवाहात राफ्टिंग, पक्षी बघणारे, रानात राहायला येणारे. धरण बांधताना सुरुंगाची दारू ज्या इमारतीत साठवत, तिथे आज पक्षीनिरीक्षक उतरतात आणि सकाळी चहाचा पेला हातात घेऊन धनेशाची वाट बघतात. दांडेली-जोयड्याच्या रस्त्यांवर होमस्टे उभे राहिले आहेत. बहुतेकांच्या जेवणात पनीर, गोबी मंच्युरियन, तंदुरी. पुण्यात जे मिळते तेच इथे एवढ्या लांब येऊन खायचे. हे गिऱ्हाइकाला हवे असते म्हणून होते, आणि गिऱ्हाइकाला दुसरे काही आहे हे माहीत नसते म्हणूनही होते. परक्याला त्याच्या सवयीचे वाढावे, ही आमच्या धंद्याची जुनी चाल. आजोबांनी चहा दिला, आईने सांबार दिले, मी रस्सा दिला. त्यात आम्ही जगलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आता परका माणूस आमचे रान बघायला येतो. मग रानाचे अन्न त्याला दाखवायचे नाही, हे कसे चालेल?

तेव्हा जोयड्यात जेवावे कुठे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. उळवीला गेलात तर मठाच्या पंगतीला बसा. कॅसलरॉकला गाडी थांबली तर फलाटावरचा चहा प्या आणि बोगद्याकडे एकदा बघून घ्या. गुंदच्या बागायतदारांकडे उतरलात तर कॉफी मागू नका, कषाय मागा. रामनगरला भाकरी आणि माशाची आमटी खा. आणि डिसेंबर ते मार्च या दिवसांत आलात तर कुणब्याच्या घरी, किंवा कुणब्यांकडून कंद घेणाऱ्या होमस्टेत, एक दिवस आधी कळवून मुडलीची आमटी आणि उकडलेले कोने मागा. आधी कळवा, कारण खणायला, सोलायला आणि शिजवायला वेळ लागतो.

होमस्टेवाल्यांनाही माझे एक सांगणे आहे. कंद आता शहरात आवडू लागला आहे. उद्या कोणी तो मोठ्या शेतात लावेल, पाकिटात घालील आणि जोयड्याचे नाव छापून विकेल. तसे होण्याआधी तो पिकवणाऱ्या कुणबी बाईकडून वजनाने, मेळ्यातल्या भावाने घ्या. फुकट बी मागू नका. ताटाच्या बिलात तिचा वाटा वेगळा ठेवा आणि कंद कोणत्या वाडीतून आला ते पाहुण्याला सांगा. आमच्या खाणावळीत सुनेने गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून दोन दिवस मुडली ठेवली आहे. कंद देणारी बाई आता पुढच्या दाराने येते, वजनकाट्याजवळ उभी राहते, पैसे मोजून घेते आणि मन असेल तर तिथेच बाकावर बसून जेवते. जोयड्यातल्या प्रत्येक खाणावळीत हे घडायला हवे. जिथे ते घडते, तिथे जेवावे.